रूमचा फॉलिस, दख्खनचा फुलूस आणि नानीच्या ट्रंकेतलं नाणं

जुम्याच्या दिवशी शाळा सुटल्यावर आठवीतला एक मुलगा आमच्या टेबलाजवळ रेंगाळत उभा राहिला. सगळे गेल्यावर त्यानं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि तांब्याचं एक जाड, काळपट नाणं पुढं ठेवलं. "सर, हे रूमचं नाणं आहे. नानी तसं म्हणायची. खरंच चार लाखाला जातं का?"

चार लाखांचा आकडा कुठून आला हे विचारल्यावर सगळं बाहेर पडलं. त्याच्या अम्मीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. ७८६ आकड्याची नोट, अरबी अक्षरांचं नाणं, जुनी पाच पैशांची नाणी, सगळ्याला म्हणे लाखांनी भाव. खाली नंबर दिलेला. नाण्याचा फोटो पाठवल्यावर तासाभरात "साहेबांचा" फोन आला. नाणं पसंत आहे, रक्कम मंजूर आहे, फक्त नोंदणी फी १,८५० रुपये भरा. अम्मीनं भरली. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ६,५०० मागितले. ते भरायचे की नाही एवढंच विचारायला तिनं पोराला आमच्याकडं पाठवलं होतं.

आम्ही नाण्याकडं नंतर पाहिलं, आधी अम्मीला फोन लावला. भरू नका. रिझर्व्ह बँक कुणाकडूनही जुन्या नोटा-नाणी विकत घेत नाही, विक्रीसाठी फी किंवा कमिशन मागत नाही, आणि कुठल्या एजंटाला तसा अधिकारही तिनं दिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं याबद्दल जाहीर सूचनाच काढली होती. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब तक्रार करायची; जितका उशीर, तितके पैसे परत मिळण्याची आशा कमी. अम्मीचं पहिलं वाक्य होतं, "सर, ह्यांना सांगू नका हां." घराघरात हीच अडचण आहे. फसलेला माणूस शरमेनं गप्प बसतो आणि समोरचा पुढच्या घरी फोन लावतो.

आता नाण्याकडं येऊ. कारण नानी चुकली होती, पण अगदीच चुकली नव्हती.

रूम म्हणजे कुठलं रूम? उर्दूत आणि अरबीत आपण ज्यांना रूमी म्हणतो ते इटलीतल्या रोम शहरापुरते नाहीत. बादशहा कॉन्स्टंटाइननं (३०६ ते ३३७) सन ३३० मध्ये आपली नवी राजधानी बॉस्फोरसच्या काठी वसवली, तेच कुस्तुनतुनिया, आजचं इस्तंबूल. सूरह रूममध्ये ज्यांचा उल्लेख आहे ते याच पूर्वेकडच्या सल्तनतीचे लोक, आणि हुजूर (स.) यांचं पत्र ज्याला गेलं तो हिरक्ल बादशहाही (६१० ते ६४१) तिथलाच. या उत्तरकालीन रोमची नाणी जगभरातले हौशी लोक जमवतात, आणि त्यातही सोन्यापेक्षा तांब्या-काशाची जास्त जमवतात. कारण साधं आहे. ती अमाप पाडली गेली, अमाप सापडतात, म्हणून शिक्षकाच्या पगारातही परवडतात.

आमचा या नाण्यांशी संबंध मामूंमुळे आला. मामू आखातात नोकरीला होते. ऐंशीच्या दशकात त्यांच्या सोबतच्या एका शामी सहकाऱ्यानं निरोपाची भेट म्हणून बारा छोटी नाणी दिली. ती पत्र्याच्या डबीतून आमच्यापर्यंत पोचली तेव्हा आम्ही नुकतेच कॉलेजात गेलो होतो. शर्टाच्या बटणाएवढी, हिरवट काळी, वर मातीचा थर. भांडी घासायची अक्कल घरात होतीच. चिंच-मीठ घेऊन आम्ही उत्साहानं तीन नाणी लख्ख केली. ती इतकी लख्ख झाली की वरचा बादशहाच गेला. सतराशे वर्षं जमिनीखाली जो चेहरा टिकला होता, तो आम्ही दहा मिनिटांत मोरीत धुतला. उरलेली नऊ तेवढी वाचली, तीही अम्मीनं वेळेवर डबी काढून घेतली म्हणून.

ज्याला आपण मळ किंवा गंज म्हणतो तो तांब्याच्या नाण्यावर घट्ट बसलेला पातळ थर असतो. शतकानुशतकांत धातूचा वरचा भागच त्याचा बनलेला असतो आणि अक्षरांचा बारीक उठाव त्याच थरात असतो. थर गेला की अक्षर गेलं. म्हणून चिंच, लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश, राख, पितळ घासायची पावडर यातलं काहीच नको. माती सुटी असेल तर शुद्ध पाण्यात, म्हणजे मेडिकलमध्ये किंवा बॅटरीसाठी मिळतं त्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, भिजत ठेवायचं, पाणी रोज बदलायचं आणि लाकडी टूथपिकनं हळूहळू माती उकलायची. यात आठवडे जातात. नाणं नीट वाळल्याशिवाय डबीत ठेवायचं नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर नाहीच. नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर समजावं की धातू आतून खाल्ला जातोय. ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं, कोरड्या जागी ठेवायचं. नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात ना, त्या आम्ही जपून ठेवतो. प्लॅस्टिकच्या मऊ, वास येणाऱ्या पाकिटांपेक्षा साधं कागदी पाकीट बरं.

त्या नऊ नाण्यांपैकी एकावर भाल्यानं घोडेस्वाराला खाली पाडणारा शिपाई आहे. पुढं एका जाणकारांनी भिंगाखाली धरून ते वाचून दाखवलं. कॉन्स्टंटाइनचा मुलगा दुसरा कॉन्स्टॅन्शियस (३३७ ते ३६१) याच्या काळचं नाणं. पडणाऱ्या स्वाराच्या डोक्यावर बऱ्याचदा टोकदार टोपी दिसते, ती पूर्वेकडच्या शत्रूची खूण मानतात. या बादशहाची अर्धी कारकीर्द इराणच्या सासानी शहांशी लढण्यात गेली. भोवतीच्या लॅटिन अक्षरांचा अर्थ साधारण 'सुखाचे दिवस परत आले' असा. लढाई चालू, महागाई चालू आणि नाण्यावर सुखाचे दिवस! सरकारी जाहिरात ही काही आजची गोष्ट नाही.

या नाण्यांची खरी गंमत चित्राच्या खाली, तळाच्या पट्टीत असते. तिथे तीन-चार-पाच अक्षरं असतात. ती टांकसाळीची खूण. आमच्या नाण्यावर अंताकियाची आहे. इस्कंदरियाची वेगळी, कुस्तुनतुनियाची वेगळी. जर्मनीतलं ट्रियर, फ्रान्समधलं आर्ल, ग्रीसमधलं थेसलोनिकी, अगदी लंडन, सगळीकडं टांकसाळी होत्या आणि प्रत्येकीची अक्षरं ठरलेली. कारखान्याच्या कुठल्या विभागात नाणं पडलं याचाही आकडा शेवटच्या ग्रीक अक्षरात असतो, म्हणजे वजन कमी भरलं तर कुणाची मान धरायची ते ठरलेलं. आमच्या वर्गातल्या मुलांना नकाशा पाठ होत नाही, पण टांकसाळींच्या नावांनी भूमध्य समुद्राचा किनारा एका तासात पाठ झाला होता.

समोरच्या बाजूला बादशहाचा चेहरा, डोक्यावर मोत्यांची पट्टी, आणि सुरुवातीला बहुतेकदा 'डी' व 'एन' ही दोन अक्षरं. 'आमचे मालक' अशा अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. एवढं ओळखता आलं तरी नाणं उत्तरकालीन आहे हे बऱ्याचदा कळतं.

ही नाणी हातात घेतली की आकार लहान होत जाताना दिसतो. डायोक्लेशियन बादशहानं २९४ च्या सुमारास काशाचं मोठं नाणं काढलं, साधारण दहा ग्रॅमचं, वर चांदीचा पातळ मुलामा. चाळीस वर्षांत ते अडीच ग्रॅमच्या आसपास आलं. शतक संपताना बाजारात जे चालत होतं ते एक-दीड ग्रॅमचं. आपला आजचा रुपयाही तीन ग्रॅमच्या वर भरतो. फौजेचा पगार वाढला, तिजोरी आटली आणि कात्री नाण्याला लागली. ३०१ मध्ये त्याच डायोक्लेशियननं धान्यापासून मजुरीपर्यंत सगळ्याचे कमाल भाव ठरवून फर्मान काढलं, मोडणाऱ्याला मौतीची सजा ठेवली. तरी महागाई थांबली नाही.

जुम्याला आपण सूरह कहफ पढतो. गुहेत झोपलेले ते नौजवान उठतात आणि एकाला चांदीचं नाणं देऊन गावात खाणं आणायला पाठवतात. कुरआनात बादशहाचं नाव नाही, गावाचंही नाही. किस्सा सांगणारे बुजुर्ग दकियानूस बादशहाचं नाव घेतात. हा दकियानूस म्हणजे रोमचा डेशियस (२४९ ते २५१). जुनाट विचाराच्या माणसाला आपण 'दकियानूसी' म्हणतो तो शब्द याच नावावरून आला. म्हणजे 'बाबा आदमच्या जमान्यातला' म्हणायच्या ऐवजी 'डेशियसच्या जमान्यातला'. बुजुर्गांच्या किश्श्यात दुकानदार नाणं उलटंपालटं करून पाहतो आणि म्हणतो, हा खजिना तुला कुठं सापडला? नाण्यांचा नाद लागल्यावर आम्हाला हा प्रसंग वेगळाच दिसायला लागला. डेशियसच्या काळात चांदी मिसळलेली रुंद नाणी चालत होती. दीडदोनशे वर्षांनी त्याच मुलखातल्या रोटीवाल्याच्या गल्ल्यात असायची ती तांब्याची बारकी चकत्यांसारखी नाणी, आणि श्रीमंताकडं सोनं. त्यानं असलं नाणं जन्मात पाहिलं नसणार. त्याचं चमकणं साहजिक होतं.

पुढं ४९८ मध्ये अनास्तासियस बादशहानं ही बारकी नाणी लोकांना मोजताना नाकी नऊ येतात म्हणून चाळीसांच्या किमतीचं एक मोठं तांब्याचं नाणं काढलं. त्यावर इंग्रजी 'एम'सारखं भलंमोठं अक्षर आहे. ग्रीक आकडेवारीत त्या अक्षराचा अर्थ चाळीस. या नाण्याला लोक फॉलिस म्हणत. लॅटिनमध्ये फॉलिस म्हणजे पिशवी. शाम आणि मिसर मुसलमानांच्या हाती आल्यावर बाजारात हेच नाणं चालू राहिलं. नव्या राज्यकर्त्यांनी ते एकदम बंद केलं नाही. उलट तशीच नाणी स्वतः पाडली, बादशहाच्या चित्रासकट, त्या 'एम'सकट. हिम्सच्या नाण्यांवर बाजूला अरबीत 'तय्यिब' असा शब्द घातला, म्हणजे हे चोख आहे, घ्या. मग खलीफा अब्दुल मलिक यांच्या काळात तलवारीवर हात ठेवून उभ्या असलेल्या खलीफांची नाणी आली, आणि हिजरी ७७ मध्ये (इसवी ६९६-९७) सगळी चित्रं गेली, सोन्याच्या दीनारवर फक्त अक्षरं राहिली.

पण नावं राहिली. रोमचा दिनारियस झाला दीनार. ग्रीकांचा द्राख्मा झाला दिरहम, आणि तोच आपल्याकडं द्रम्म होऊन दाम झाला, 'दाम करी काम' मधला. फॉलिसचा झाला फल्स, अनेकवचन फुलूस. आणि ज्याच्याजवळ सोनं-चांदी संपून फक्त तांब्याचे फुलूस उरले तो मुफलिस. उर्दूच्या तासाला आम्ही हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे मुफलिस म्हणजे चिल्लरवाला!" याहून चांगलं भाषांतर आम्हाला सुचलेलं नाही.

नानीच्या नाण्यावर 'अस्-सुलतान' आणि खाली 'अहमद शाह' एवढं आम्हाला वाचता आलं. गुजरीतल्या ओळखीच्या सोनारानं काट्यावर ठेवलं, अकरा ग्रॅम भरलं. जाणकारांनी लिपी आणि वजन पाहून सांगितलं की हे बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद शाह (१४३६ ते १४५८) याचं तांब्याचं नाणं. राजधानी बिदर. तांब्याच्या या नाण्यांना नाणी जमवणारे आजही फुलूसच म्हणतात. रूमचं नाणं नव्हे, पण रूमच्या नाण्याचं नाव हजार वर्षं चालत दख्खनपर्यंत आलेलं.

ते कोल्हापुरात निघणं यातही नवल नाही. बहामनींचा वजीर महमूद गावान १४७० च्या आसपास विशाळगडाच्या मोहिमेवर आला तेव्हा पावसाळा त्यानं कोल्हापुरातच काढला होता. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्यात बहामनी काळाचा थर लागला. त्याच्या खाली सातवाहनांचं गाव. आणि १९४४ मध्ये याच टेकडीवर काशाच्या वस्तूंचा साठा सापडला होता, त्यात खरंखुरं रोमन काम होतं: समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती, आरसा, सुरई. टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाची ओळखच त्या मूर्तीनं झाली आहे. सीपीआरला पेशंट बघायला जाणारे हजारो लोक त्या बागेत डबा खातात, आत जाणारे थोडे.

ब्रह्मपुरीच्या या वस्तू मात्र पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या, रोमच्या भरभराटीच्या काळातल्या. तेव्हा कोल्हापूरच्या कुर राजांची स्वतःची शिशाची नाणी होती, एका बाजूला धनुष्यबाण. त्यातला विळिवायकुर राजा म्हणजेच इस्कंदरियाच्या टॉलेमीनं नोंदवलेला 'बलेओकुरोस' असं अभ्यासक मानतात. उत्तरकालीन काशाची बारकी रोमन नाणी आपल्या देशात ढिगानं सापडली ती तमिळनाडूत, करूरला अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईकडं. श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या. चेन्नईचे आर. कृष्णमूर्ती एका मोठ्या तमिळ दैनिकाचे संपादक होते, त्यांनी करूर-मदुराईच्या या नाण्यांवर १९९४ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. सोनं परदेशात जातं हे समजतं, पण इतकी हलकी चिल्लर समुद्र ओलांडून कशी आली? काही म्हणतात मोडीचा धातू म्हणून. पण ती नाणी इतकी झिजलेली आहेत की तिथल्या बाजारात सुटे पैसे म्हणून पिढ्यान्पिढ्या हातोहात फिरली असावीत, हेच आम्हाला जास्त पटतं. वितळवायला आणलेलं नाणं झिजत नाही.

जमवायची हौस असेल तर कायदाही ठाऊक हवा. शेतात, पायात, विहीर खोदताना दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. कायदा १८७८ चा आहे, पण लागू आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरनंही नाही, नातेवाइकाच्या बॅगेतूनही नाही. धंदा करायचा तर परवाना लागतो. उलट बाजूही तितकीच खरी. शाम-इराकमधली जुनी ठिकाणं युद्धाच्या काळात रात्री यंत्रं लावून खणली गेली आणि तो माल दुनियेच्या बाजारात आला. मामूंच्या त्या भेटीबद्दल आम्ही आता पूर्वीसारखं फुशारकीनं बोलत नाही. कुठून निघालं ते सांगता येत नसेल तर नाणं स्वस्त मिळालं तरी घेऊ नये, असं आमचं मत झालंय. पाहायची हौस भागवायला मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, आणि शिकायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणेशास्त्राची संस्था.

घरात मिळालेलं नाणं भंगारात घालू नका, घासू नका, आणि कोणी लाख म्हटलं म्हणून फोटो पाठवत सुटू नका. बहामनी फुलूस किंवा कॉन्स्टंटाइनच्या वेळची चिल्लर यांना जाणकार बाजारात किंमत असते ती बहुधा शेकड्यांत किंवा थोड्या हजारांत. लाखाचा भाव फक्त व्हिडिओत.

अम्मीनं १९३० ला फोन केला, त्याच संध्याकाळी, अब्बांना शेजारी बसवून. १,८५० अजून परत आलेले नाहीत. मुलाला आम्ही एक कागदी पाकीट दिलं आणि त्यावर काय लिहायचं ते सांगितलं: धातू, वजन, काय वाचलं, कुठून आलं. नानीचं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याचं, ट्रंक तिथूनच आलेली, एवढं त्यानं घरी विचारून आणलं. दुसऱ्या दिवशी पाकीट दाखवायला आणलं. सगळ्या नोंदी बरोबर होत्या. वर मोठ्या अक्षरात मात्र त्यानं लिहिलं होतं, 'रूमचं नाणं', आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात, 'नानीच्या म्हणण्याप्रमाणे'. आम्ही खोडलं नाही.